धुराड्यावरचे चव्हाण काका

चव्हाण काकांनी माझ्याशी एक अक्षर बोलण्याआधी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला होता. वाशिम-मालेगाव रस्त्यावरच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात माझा तो पहिला दिवस. प्रयोगशाळेत तेल तपासायला मी केमिस्ट म्हणून लागले होते आणि नव्या नोकरीत असते तेवढी ऐट माझ्यातही होती. दारातून पन्नाशी उलटलेला एक काटकुळा माणूस आत आला, माझ्याकडे बघून थबकला आणि हात पुढे करून त्यानं सरळ चष्माच उचलला. खिशातून जुन्या धोतराचा मऊ चौकोनी तुकडा काढला, काचेवर वाफ सोडली, पुसली, उजेडाकडे धरून बघितली, परत पुसली. मग चष्मा माझ्या नाकावर ठेवत म्हणाला, "इतका वेळ तुमाले सगळं धुईतच दिसत असन, मॅडम."

मला राग आला. हा कोण टिकोजीराव, असंही मनात आलं. पण समोरच्या कॅलेंडरावरचे बारीक अक्षरांतले सणवार मला कितीतरी दिवसांनी नीट वाचता आले, हेही कबूल केलं पाहिजे.

पुढे कळलं की कारखान्यात चष्मा लावणारा एकही माणूस त्यांच्या तावडीतून सुटलेला नव्हता. मॅनेजर साहेबसुद्धा नाहीत. भिंगं पुसणं हे काकांचं कामच होतं. बॉयलरच्या धुराड्याला, म्हणजे आमच्या भाषेत चिमणीला, अर्ध्याहून वर एक लोखंडी माची होती आणि तिथं धूळ मोजायचं यंत्र बसवलेलं होतं. ते यंत्र रात्रंदिवस धुरात प्रकाशाचा झोत सोडायचं. धुरातल्या कणांवर आपटून जेवढा प्रकाश माघारी येईल, तेवढी धूळ. तो आकडा तारेतून खाली यायचा, तिथून प्रदूषण मंडळाच्या संगणकावर जायचा, आणि गेटबाहेरच्या पाटीवर लाल अक्षरांत उमटायचा, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसावा म्हणून. सगळं आपोआप, असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. पण यंत्राचं भिंग काही आपोआप स्वच्छ राहत नाही. हवा मारून कितीही जपलं तरी त्यावर कळकट थर धरतोच, आणि तो पुसायला रोज सकाळी कुणालातरी वर चढावं लागतं. ते चढणारे चव्हाण काका.

चहा न घेता चढायचे. अंगात पांढरा शर्टच. चिमणीवर कुणी पांढरा शर्ट घालतं का, म्हणून मी एकदा टोकलं, तर म्हणाले, काळं लागलं तर कळलं पाहिजे ना. खाली आले की हात धुवायच्या आधी चारी दिशांची खबर द्यायचे. अनसिंगकडं आभाळ भरलंय, मालेगावच्या बाजूला कुणीतरी तूर सोंगायला, म्हणजे कापायला, घेतली, अमक्याच्या शेतात पाइप फुटून पाणी वाया चाललंय. त्या शेतकऱ्याला ते फोनसुद्धा करायचे. गावोगावचे नंबर त्यांच्याकडे कसे असायचे, देव जाणे.

'साधारण' हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी म्हणावं, काका, साधारण दहा वाजता बस आहे. ते म्हणणार, साधारण दहा म्हणजे किती? नऊ पंचावन्न का दहा दहा? चहात साखर किती, तर दीड चमचा, आणि तो अर्धा चमचा ते स्वतः बघून घालायचे. कॅन्टीनवाला त्यांना बघितलं की साखरेचा डबाच पुढं करायचा. वैताग यायचा कधी कधी. माणूस चांगला असला म्हणजे सोबतीला सोपा असतो असं नाही.

मूळचे ते मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे. घरून फोन आला की बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत बोलायचे, आम्हाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण आवाज एकदम हलका व्हायचा तेवढं कळायचं. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचे, मधल्या मधल्या महिन्यांत शाळा, मग कसंबसं आयटीआय. थोरला भाऊ मात्र ऊसतोडीतच राहिला. दरवर्षी दिवाळीनंतर तांड्यावरून ऊसतोडीचा ट्रक निघायचा आणि त्या दिवशी काका कुठंही असले तरी तांड्यावर पोचायचे. भांडीकुंडी चढवायची, भावाच्या नातवंडांना उचलून वर बसवायचं, ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभं राहायचं. ही एक रजा ते कधी चुकवत नसत आणि कधी कुणी अडवतही नसे.

यंत्राच्या कंपनीचा इंजिनियर वर्षातून एकदोनदा यायचा. एकदा मी तिथंच होते. त्यानं मॅनेजर साहेबांना हळू आवाजात समजावलं की एक बारीकशी सोय करून देता येईल, मग धूर कितीही होवो, आकडा ठरावीक रेषेच्या वर जाणारच नाही. साहेब हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. काकांनी इंजिनियरला आणखी चहा ओतला आणि विचारलं, "मंग साहेब, मी उद्यापासून वर कायले चढू?" इंजिनियर हसला, म्हणाला, चढायची गरजच नाही. काका हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी यंत्राचा पासवर्ड बदलला. पुढं साहेबांनी दोनतीनदा विचारून पाहिला, तर काका म्हणायचे, खाली आठवत नाही, वर चढलं की आठवतो. साहेबांना उंचीची भीती होती, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून कमलबाईचे वाफे होते. मेथी, पालक, कोथिंबीर. माळ्याची बाई, नवरा गेलेला, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. पहाटे भाजी काढून मालेगावच्या बाजारात न्यायची. विहीर धाकट्या दिराच्या, शंकरच्या, सामाईकीत. शंकरची नाल्याकाठी विटांची भट्टी होती. मेथीच्या पानावर काजळी दिसली की कमलबाई कुंपणाशी येऊन काकांना झाडायची, आणि काका निमूट ऐकून घ्यायचे. एकदा तिनं विचारलं, तुमची ती मशीन धुळीला बघते तरी कशी? काका तिच्या टिनाच्या खोपटात गेले. टिनाच्या भोकातून उन्हाचा कवडसा आत आला होता. त्यांनी तिथलं रिकामं पोतं झटकलं. कवडशात धूळ नाचायला लागली. "ऊन धुळीले दाखवते का नाही? माही मशीनबी तेवढंच करते." कमलबाई म्हणाली, मग माझ्या खोपटातही मशीनच आहे म्हणा.

त्या दिवसापासून बाजाराला जाताना ती गेटसमोर थांबून पाटी बघायला लागली. अक्षर तिला येत नव्हतं, पण बाजार करणाऱ्या बाईला आकडे येतातच. आकडा वाढलेला दिसला की ती पानं जास्त वेळ धुवायची, कमी दिसला की निर्धास्त जायची. शेजारणींना सांगायची, त्या पाटीवर चव्हाण भाऊ बोलतात.

आता चुकीबद्दल सांगते.

यंत्र नीट आहे का हे पाहायला मधून मधून त्याचं शून्य तपासावं लागतं. भिंगावर एक काळं टोपण बसवायचं. टोपण बसलं की धुराकडून काहीच माघारी येत नाही, आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. आला की टोपण काढायचं आणि खाली यायचं. काकांनी हे किती वेळा केलं असेल त्याची गणती नाही. त्या शुक्रवारी दुपारी ते शून्य बघायला वर असताना फोन वाजला. ऊसतोडीचा ट्रक एक दिवस आधीच आला होता, आणि तास-दीड तासात निघणार होता. काका झरझर उतरले, रजेचा कागद माझ्या टेबलावर टाकला आणि मानोऱ्याची बस गाठायला अक्षरशः पळत गेले. टोपण वरच राहिलं.

पुढचे दोन दिवस पाटीवर दोन, तीन, दोन असे आकडे. आकडा वाढला तर मंडळाच्या संगणकावरून लगेच मेसेज येतो. कमी झाला तर कुणी विचारत नाही. साहेब खूश. त्यांनी पाटीचा मोबाइलवर फोटो काढून मालकांना पाठवला. मीही तो आकडा पाहिला. कोळसा जाळणारा बॉयलर दोन-तीन दाखवत नाही, एवढं केमिस्ट असून मला कळत होतं. पण ते माझं काम नव्हतं, आणि मी माझ्या बाटल्यांकडे वळले.

नेमकं त्याच दोन दिवसांत धूर गाळायच्या कापडी पिशव्या फाटल्या. थंडी पडलेली, सकाळी दाट धुई, म्हणजे धुकं, धूर वर जायचं नाव घेईना. रविवारी सकाळी कमलबाई मेथीच्या जुड्या घेऊन गेटवर आली. जुड्या काळवंडल्या होत्या. साहेब स्वतः बाहेर आले, तिला पाटीसमोर उभं केलं आणि म्हणाले, वाचा. तिनं वाचलं. मग म्हणाली, "भाऊची पाटी हाय. मंग खरंच असन." आणि परत गेली.

ती घरी गेली नाही. सरळ शंकरच्या भट्टीवर गेली. कारखान्याचा धूर नाही म्हटल्यावर दुसरा धूर कुणाचा? चारचौघांत तिनं दिराला वाट्टेल ते बोलून घेतलं. नवऱ्याच्या माघारी माझं वावर खायला निघालास, इथपर्यंत. शंकरही पेटला. संध्याकाळी त्यानं विहिरीवरचा तिचा पाइप काढून फेकून दिला.

सोमवारी काका आले, नेहमीसारखे चढले. उतरले तेव्हा कुठल्याच दिशेची खबर नव्हती. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी टेबलावर ते काळं टोपण ठेवलं आणि स्टुलावर बसले. शर्ट पांढराच होता.

मला कळायला क्षणही लागला नाही. मी दार लोटून घेतलं. म्हटलं, काका, कुणाला माहीत नाही. टोपण निघालं, आकडा आता खरा येतोय. आकडा एवढा चढलाय म्हणजे पिशव्या फाटल्यात, त्या गुपचूप बदलून घ्या आणि टोपणाचं विसरून जा. पेन्शनीला किती वर्षं राहिलीत तुमच्या? मी हे त्यांच्या काळजीपोटी बोलले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं तर मला भीती वाटत होती, की चौकशी झाली तर मला विचारतील, तुम्ही केमिस्ट ना, तुम्हाला दोन आकडा खरा वाटला? हे लिहितानाही मला लाज वाटतेय.

काकांनी खिशातल्या फडक्यानं टोपण पुसलं. मग म्हणाले, "पोरी, मशीन बंद पडली असती तं चाललं असतं. बंद हाय म्हणून लोकाइले दिसलं असतं. म्या तिले खोटं बोलाले लावलं."

मग मी त्यांना कमलबाईचं सांगितलं. सांगायला नको होतं असं तेव्हा वाटलं. पाइपाचं ऐकल्यावर ते उठले.

त्यांनी आधी रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं, नंतर साहेबांना सांगितलं. उलटं केलं असतं तर साहेबांनी लिहू दिलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. केबिनमधून साहेबांचा आवाज बाहेर येत होता. देखभालीसाठी यंत्र बंद होतं असं लिहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तसं पाहिलं तर कितीतरी जणांनी ते आनंदानं लिहिलं असतं. काका बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. मंडळाला पत्र टाइप करून द्या म्हणाले. मी टाइप केलं, 'साधारण अडीच दिवस यंत्राची नोंद चुकीची होती.' त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मी तो खोडला. मग त्यांनी शुक्रवारचा तास आणि मिनिट सांगितलं, सोमवारचा तास आणि मिनिट सांगितलं.

दुपारी ते भट्टीवर निघाले तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. कमलबाईला त्यांनी वाफ्यातून बोलावून घेतलं होतं. ती आणि शंकर दोघं तोंड फिरवून उभे होते. काकांनी पाणी मागितलं नाही, बसले नाहीत. "शंकरभाऊ, तुमच्या भट्टीचा दोष नाही. धूर कारखान्याचा होता. मशीन म्या आंधळी करून गेल्तो, याद राह्यली नाही. चूक माही हाय, बाईची नाही."

शंकर काठीनं राख उकरत राहिला. दुसऱ्या दिवशी पाइप जागेवर होता. कमलबाई मात्र बोलली. "म्या पाटीवर भरोसा नोता ठेवला, भाऊ. तुमच्यावर ठेवला होता." एवढं बोलून ती वाफ्याकडे निघून गेली.

मग जे व्हायचं ते झालं. मंडळाचे लोक आले, पिशव्या बदलेपर्यंत बॉयलर बंद. ऐन हंगामात हमाल आणि कामगार बसून राहिले आणि त्यांनी साहेबांऐवजी काकांवर राग काढला. कॅन्टीनमध्ये काका बसले की बाकावरचे दोघे उठून जायचे. साखरेचा डबा पुढं करायचं त्या कॅन्टीनवाल्यानंही सोडलं. महिन्याभरात काकांची तब्येतीच्या कारणानं वजनकाट्यावर बदली झाली. तब्येत ठणठणीत होती. यंत्राचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं, तिचा माणूस महिन्यातून एकदा यायचा आणि बाकी सगळं म्हणे दुरूनच बघायचा.

वजनकाट्याच्या खोलीत काका ट्रॅक्टरवाल्यांचे चष्मे पुसायचे. बदलीचं त्यांना फारसं लागलं नव्हतं. लागलं होतं ते दुसरंच. कमलबाई रोज सकाळी त्या खिडकीसमोरून भाजी घेऊन जायची. काका रोज म्हणायचे, राम राम, बाई. ती पुढं बघत निघून जायची. पाटीकडंही बघायची नाही. असं सगळं वर्ष गेलं. मी एकदा म्हटलं, जाऊ द्या ना काका, किती दिवस राम राम करणार? म्हणाले, तिचं बरोबर आहे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा राम राम केला. मला तिचा राग यायचा, त्यांचाही यायचा.

पुढच्या हंगामात मला अकोल्याला नोकरी मिळाली. कारखान्यातला माझा तो शेवटचा आठवडा. सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली, धुई उतरलेली, पाटीवर आकडा झकास कमी. मी नमुना घ्यायला वजनकाट्यावर आले होते, तेव्हा गेटवर कमलबाई दिसली. डोक्यावर टोपली, हातात काळवंडलेली जुडी. साहेबांनी गेल्या वर्षीसारखंच पाटीकडं बोट केलं. तिनं तिकडं मान वळवली नाही. ती चालत वजनकाट्याच्या खिडकीशी आली, टोपली खाली ठेवली आणि जुडी आत काकांपुढं धरली.

"भाऊ, तुमी सांगा. खरं हाय का ते?"

काकांनी खिडकीतून वाकून पाटी पाहिली. मग चिमणीकडं पाहिलं. हो म्हणायला किंवा नाही म्हणायला त्यांना काय लागत होतं? वर्षभर ते या एका प्रश्नाची वाट बघत होते, हे मला माहीत होतं.

"मले माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "आता मी वर जात नाही."

कमलबाईनं जुडी मागं घेतली. मला वाटलं, आता ही पुन्हा निघून जाणार.

"मंग खालून पाहा," ती म्हणाली. "चला."

काट्यावर भरलेला ट्रॅक्टर उभा होता. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. साहेब गेटवरून हाक मारत होते, काटा सोडून कुठं निघालात म्हणून. काका खुर्चीवरून उठले, खिशातलं फडकं चाचपलं आणि तिची टोपली उचलून तिच्यामागं चालायला लागले. ते एकदाही वळले नाहीत.

मी आत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. काट्याचं मला काही कळत नव्हतं. ट्रॅक्टरवाला विचारायला लागला, माणूस गेला कुठं? म्हटलं, थांबा, ते बघून येतायत. मागच्या खिडकीतून कुंपणापलीकडचं दिसत होतं. मेथीच्या वाफ्यात काका उकिडवे बसले होते, आणि कमलबाई एकेक पान खुडून, उलटं करून, त्यांच्या हातावर ठेवत होती.